जिन्यातला बल्ब कुणाचा?

महिन्याची पाच तारीख आली की दिल्लीत मुनिरक्याच्या गल्ल्यांतून एक पलटण फिरायला लागते. हातात मोबाइलची टॉर्च, कानावर पेन, बगलेत शाळकरी वही. ही मंडळी वीज कंपनीची नव्हेत आणि महापालिकेचीही नव्हेत. हे सगळे घरमालकांचे पुतणे, भाचे आणि नातू. जिन्याखालच्या लाकडी खोक्याचं दार उघडायचं, आतल्या पालीला हुसकायचं आणि सब-मीटरचे आकडे टिपायचे, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक मीटरखाली खडूनं दुकानाचं नाव लिहिलेलं असतं, फक्त ते दोन भाडेकरूंपूर्वीचं असतं. मग मोमोवालीला ब्यूटी पार्लरचं बिल जातं, पार्लरला मोबाइल दुरुस्तीवाल्याचं. तक्रार केली की नातू तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि म्हणतो, "अगले महीने एडजस्ट हो जाएगा."

पुढच्या महिन्यात नातू बदलतो.

मुनिरका हे मूळचं टोकस जाटांचं गाव. शेतजमिनी सरकारनं घेतल्या, त्यांवर आणि आसपास जेएनयू, आयआयटी, रामकृष्णपुरम, डीडीएचे फ्लॅट असं सगळं उभं राहिलं. गावाकडे उरली ती 'लाल डोऱ्या'च्या आतली वस्ती. महसुली नकाशावरची ही लाल रेघ 1908 ची. 1963 साली या रेघेच्या आतल्या घरांना बांधकाम नियमांतून सूट मिळाली आणि घरांनी तिचं सोनं केलं. ती रुंद होऊ शकत नव्हती, म्हणून उंच झाली. नांगर गेला, भाडेपावती आली. पावती म्हणजे बोलायची गोष्ट, प्रत्यक्षात ती मिळत नाही. मे 2018 मध्ये मॅजेंटा लाइनवर मुनिरकाचं मेट्रो स्टेशन उघडलं, तेव्हापासून तर स्टेशनपासून चार गल्ल्या आत असलेला मालकही 'मेट्रो के सामने' असंच सांगतो.

अशाच एका इमारतीत तळमजल्यावर डोंबिवलीच्या एका गड्याचं दुकान आहे. प्रिंटआउट, झेरॉक्स, प्रबंधांची बाइंडिंग. जेएनयूमधल्या पीएचड्या रात्री बाराला त्याच्या शटरवर थापा मारतात, कारण सकाळी दहाला प्रबंध जमा करायचा असतो. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. इमारतीत त्याला 'मराठे' म्हणतात, आपण त्याला भाडेकरू म्हणू. घरमालक अर्थातच 'अंकलजी'. दिल्लीत ज्याच्याकडे डिपॉझिट अडकलेलं असतं, तो प्रत्येक माणूस अंकलजी असतो.

पाच तारखेच्या संध्याकाळी अंकलजींची चिठ्ठी येते. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलेलं असतं: किराया, बिजली, मोटर, सीढ़ी की लाइट, सफाई, चौकीदार, मेंटेनन्स. भाडेकरूच्या वडिलांनी डोंबिवलीत अर्धं आयुष्य सोसायटीचं सेक्रेटरीपद भूषवलेलं, त्यामुळे हिशेबातली खोच शोधणं त्याच्या रक्तात आहे.

"अंकलजी, सफाई वेगळी लावली, मोटर वेगळी, चौकीदार वेगळा. मग मेंटेनन्स कशाचा?"

"बाकी सब का."

"आणि चौकीदार कुठाय? मला कधी दिसला नाही."

"रात को आता है."

"मी रात्री एकपर्यंत दुकानात असतो."

"उसके बाद आता है, बेटा."

या चौकीदाराला इमारतीत कुणीही पाहिलेलं नाही. मात्र दिवाळीला त्याची बक्षिसी सगळ्यांकडून नियमानं जमा होते.

विजेचा हिशेब तर याहून रंगतदार. दिल्लीत ऑगस्ट 2019 पासून महिन्याला 200 युनिटपर्यंत घरगुती वापर असेल तर बिल शून्य. त्याआधीचाही पहिल्या 200 युनिटचा दर तीन रुपये. त्यामुळे वरच्या मजल्यांवर मालकांनी मजल्यागणिक वेगळी कनेक्शनं घेतली आहेत. कुठलाही मजला दोनशेच्या वर जाऊ नये, म्हणून ते डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. खोल्यांतल्या विद्यार्थ्यांना मात्र सब-मीटरनं आठ ते दहा रुपये युनिट पडतात. सरकारी बिल शून्य, खोलीचं बिल बाराशे. विद्यार्थी अर्थशास्त्राचा असेल तर तो या चमत्कारावर टर्म पेपर लिहितो, त्याचं प्रिंटआउट भाडेकरूकडेच काढतो आणि मुकाट्यानं बाराशे भरतो.

सप्टेंबर 2019 मध्ये दिल्ली सरकारनं भाडेकरूंसाठी स्वतंत्र प्रीपेड मीटरची योजना आणली. घरमालकाचं ना-हरकत पत्र नको, फक्त भाडेकरार किंवा भाडेपावती दाखवा. घरमालकाच्या परवानगीची गरजच उरली नाही. गरज उरली ती फक्त घरमालकानं दिलेल्या कागदाची. शिवाय योजना राहत्या घरांसाठी, दुकानवाल्यांनी तिच्याकडे दुरूनच पाहायचं.

दुकानांचं मीटर व्यापारी दराचं. तिथं सूटही नाही आणि लपवाछपवीही अंगाशी येते, कारण घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं आकारणी होते. म्हणून अंकलजींनी तळमजल्यासाठी एक व्यापारी मीटर घेतलं आणि त्याच्या पोटात चार सब-मीटर बसवले. आता शाळेतलं गणित सांगतं, की चार सब-मीटरांची बेरीज मुख्य मीटरएवढी यायला हवी. ती कधीच येत नाही. जो फरक राहतो त्याला अंकलजी 'लाइन लॉस' म्हणतात आणि चौघांत वाटून टाकतात. हा लाइन लॉस हिवाळ्यात अगदी नगण्य असतो. एप्रिलपासून तो वाढू लागतो आणि मे-जूनमध्ये अंकलजींच्या बैठकीतल्या दोन्ही एसींच्या तालावर कळस गाठतो.

हे सगळं एकदा सरळ मार्गाला लावायचंच, असं भाडेकरूनं ठरवलं. त्यानं एक्सेलची शीट केली, रंगीत रकाने केले आणि रविवारी गच्चीवर सभा बोलावली. डोंबिवलीत सभा म्हटली की निदान सतरंजी असते. इथं पाण्याच्या टाक्या होत्या. ज्याला जी मिळाली तिच्यावर तो बसला.

भाडेकरूनं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढले. ते वाचताना त्याचा ऊर भरून आला होता. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, मग तुम्ही लिफ्ट वापरा नाहीतर वापरू नका. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं, मग ती केवढीही असो. पाण्याचा आकार मात्र नळजोडण्यांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. मोठ्या फ्लॅटवाल्यांकडून क्षेत्रफळाप्रमाणे जास्त सेवाशुल्क घेण्याचा वरळीच्या व्हीनस सोसायटीचा प्रयत्न उच्च न्यायालयापर्यंत जाऊन फसला, हेही त्यानं सांगितलं. तीच इमारत सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली असती तर ज्याचा हिस्सा मोठा त्याचा खर्च मोठा, हे त्यानं सांगितलं नाही. चांगला वकील आणि चांगला सेक्रेटरी यांना कुठं थांबायचं ते कळतं.

"तो फिर नल के हिसाब से," मोबाइल दुरुस्तीवाला लगेच म्हणाला. त्याच्या दुकानात नळ नाही. तो पार्लरमध्ये हात धुतो, तिथंच बाटली भरतो आणि तिथल्याच आरशात भांग पाडतो.

पार्लरवाली उसळली. तिच्याकडे नळ एकच, पण त्याला लांबलचक पाइप लावलेला. मोमोवालीकडे दोन नळ, त्यातला एक वर्षभर गळतोय. गळणाऱ्या नळाचं पाणी वापरात धरायचं की मालकाच्या दुरुस्तीत, यावर चांगलाच वेळ गेला. ठराव काहीच झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी मोमोवालीच्या एका नळाच्या जागी लाकडी खुंटी ठोकलेली दिसली आणि भाडेकरूनं स्वतःच्या बेसिनवर कागदांचे गठ्ठे रचून ठेवले. नळांच्या शिरगणतीपूर्वीच इमारतीतली नळसंख्या निम्म्यावर आली होती.

मग क्षेत्रफळाचा मुद्दा निघाला. ज्याचं दुकान मोठं, त्यानं जास्त द्यावं. हे सगळ्यांना पटलं. टेप आणायला कुणीतरी उठलंही, तेवढ्यात पार्लरवालीनं विचारलं, "शटर के अंदर का नापोगे या बाहर का?"

सभा एकदम गप्प झाली. मोमोवालीची स्टीमरची गाडी, मोबाइलवाल्याचं काचेचं शोकेस, पार्लरचा फ्लेक्स आणि वाट पाहणाऱ्या नवऱ्यांसाठीचा बाक, भाडेकरूचं लॅमिनेशनचं यंत्र, सगळंच शटरच्या बाहेर, गल्लीत. आतल्या दुकानापेक्षा बाहेरचं दुकान मोठं, असं चौघांचंही. टेप आणायला उठलेला माणूस हळूच परत टाकीवर बसला. अंकलजी इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांनी फक्त मिशीवरून हात फिरवला.

भाडेकरूकडे कायद्याचीही फाइल होती. 1958 च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्यात साफ लिहिलंय, की पाणी, वीज, सफाई या आवश्यक सेवा घरमालकानं तोडायच्या नाहीत. त्यांत वाटेतले आणि जिन्यातले दिवेसुद्धा येतात. संसदेनं जिन्यातल्या बल्बचीसुद्धा काळजी वाहिली होती! हे ऐकून मोमोवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. अडचण एवढीच, की 1988 च्या दुरुस्तीनं महिना 3,500 रुपयांच्या वरची भाडी या कायद्याच्या बाहेर काढली. मुनिरक्यात आज तेवढ्यात दुकानाचं नुसतं शटरही मिळणार नाही. पुढं 1995 साली नवा दिल्ली भाडे कायदा संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींनी सही केली आणि जुन्या भाड्यावर बसलेल्या व्यापाऱ्यांनी असं काही रान उठवलं, की तो अमलात कधी येणार याची तारीखच कुणी जाहीर केली नाही.

शेवटचं शस्त्र 2021 चा आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रानं नमुना दिला, राज्यांनी हवा तर घ्यावा. त्याला एक परिशिष्ट आहे आणि ते ज्यानं लिहिलं त्याला घरातल्या भांडणांचा दांडगा अनुभव असणार. रंगसफेदी, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं आणि सॉकेट, दाराच्या मुठी, कुलपं, खिडकीच्या काचा, माशांची जाळी हे भाडेकरूकडे. यादीत बाथटबची दुरुस्ती आहे आणि भाड्यानं दिलेल्या बागेची निगाही आहे. मुनिरक्यात बाथटब म्हणजे ज्या टाकीवर मोबाइलवाला बसला होता ती, आणि बाग म्हणजे अंकलजींची तुळस. पण वॉशर भाडेकरूचा, हे मात्र अंकलजींनी बरोबर ऐकलं. "देखो, कानून भी यही कहता है," असं म्हणून मोमोवालीच्या गळक्या नळाचा निकाल त्यांनी वर्षभरानंतर तिथल्या तिथं लावला. फाइल आणणाऱ्याकडे मोमोवालीनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तो पुढं अनेक दिवस चटणीच्या मापात अनुभवत होता.

हे प्रकार फक्त गल्लीतच चालतात, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. मुनिरक्याहून नेल्सन मंडेला मार्गानं निघालं, की थोड्याच वेळात वसंत कुंजचे ॲम्बियन्स, प्रोमेनाड, एम्पोरिओ हे मॉल लागतात. संगमरवर, सुगंध, सरकते जिने. अशा ठिकाणी चौकीदार खरोखर असतो आणि सलामही ठोकतो. अंकलजींच्या चिठ्ठीला तिथं 'कॅम' म्हणतात, म्हणजे सामाईक जागेच्या देखभालीचा आकार. तो बहुतेक वेळा दुकानाच्या 'सुपर एरिया'वर लागतो आणि या सुपर एरियात दुकानासोबत कॉरिडॉर, जिने, लॉबी यांचाही वाटा धरलेला असतो. दुकानदार आधी कॉरिडॉरच्या एका तुकड्याचं भाडं भरतो आणि मग तोच तुकडा पुसून घ्यायचे पैसे भरतो. त्या तुकड्यावर त्यानं स्टूल टाकलं तर सुरक्षारक्षक येऊन उठवतो. या एका बाबतीत मुनिरक्याची गल्ली मॉलपेक्षा उदार आहे.

बरं, ही देखभाल म्हणजे भाडंच, की आणखी काही? आयकर खात्याला ती भाडं वाटत होती, कारण भाड्यावर दहा टक्के कापून घेता येतात आणि कंत्राटी कामावर कंपनी असेल तर दोनच. दुकानदारांना अर्थातच ती कंत्राटी काम वाटत होती. प्रकरणं दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे गेली आणि तिथं वेगळ्यानं आकारलेली देखभाल म्हणजे भाडं नव्हे, असे निकाल लागले. दुकानदारानं सुटकेचा निःश्वास सोडला, तर जीएसटीवाले दारात. 31 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकात त्यांनी खुलासा केला, की मालकानं वीज भाड्याच्या किंवा देखभालीच्या गाठोड्यात बांधून विकली तर त्या सगळ्यावर मूळ सेवेचा, म्हणजे दुकानाच्या बाबतीत 18 टक्के, कर. वीज कंपनीला जेवढे भरले तेवढेच, एक पैसाही जास्त न घेता, भाडेकरूकडून वसूल केले तर त्या विजेवर कर नाही. म्हणजे प्रामाणिकपणाला करमाफी आहे. सवलत जाहीर करून ठेवायला सरकारचं काय जातं?

ब्रिटनमध्ये तरी गोष्टी सभ्यपणे होत असतील, अशी अनेक मराठी माणसांची श्रद्धा असते. तिथल्या सर्वेक्षकांच्या शाही संस्थेनं व्यापारी जागांच्या सेवाशुल्काची आचारसंहिता केली आहे, ती एप्रिल 2019 मध्ये लागू झाली. झालेल्या खर्चापेक्षा मालकानं एक पेनीही जास्त घेऊ नये. सेवाशुल्काचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. व्यवस्थापनाची फी खर्चाच्या टक्क्यांत नको, ठरावीक रक्कम हवी. टक्क्यानं फी मिळणारा माणूस खर्च कमी कशाला करील, हे त्यांच्याही लक्षात आलेलं दिसतं. आणि तरीही लिव्हरपूलमध्ये ब्लॅक्स नावाच्या दुकानाकडे मालकानं दोन वर्षांच्या सेवाशुल्कापोटी चार लाख पौंडांहून जास्त मागितले. या दुकानात तंबू आणि गिर्यारोहणाचं सामान मिळतं. दुकानदार म्हणाला, की ही कामं गरजेची नव्हती, आणि काही तर माझ्या वाट्याची नव्हेत. मालक म्हणाला, की करारात माझं प्रमाणपत्र अंतिम आहे. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2023 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल लागला, की प्रमाणपत्रातली रक्कम आधी भरायची, हरकत असेल तर नंतर भांडायचं. न्यायमूर्तींनी मोठं निकालपत्र लिहून जे सांगितलं, ते मुनिरक्यातला गुटखा खाणारा नातू दर महिन्याला एका वाक्यात सांगत होता.

तर गच्चीवरची ती सभा. सूर्य बुडाला, डास आले. क्षेत्रफळ झालं, नळ झाले, गिऱ्हाइकांची संख्या झाली (यावर पार्लरवालीनं भाडेकरूकडे आणि भाडेकरूनं मोमोवालीकडे बोट दाखवलं), दुकान उघडं ठेवण्याचे तास झाले. भाडेकरूनं प्रत्येक पद्धतीचा रकाना शीटमध्ये केला होता. प्रत्येक रकान्यात तिघं उखडलेले आणि एक खूश. फक्त खूश होणारा माणूस दर रकान्यात बदलत होता. भाडेकरूला ज्या रकान्यात सगळ्यांत कमी येत होतं, तो त्यानं हिरव्या रंगानं रंगवला होता, ही गोष्ट मोबाइलवाल्याच्या नजरेतून सुटली नाही.

तेव्हा अंकलजी उठले. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, "देखो बेटा, रोज़ की किच-किच से अच्छा है, सब का पंद्रह सौ फिक्स. बिजली अलग. बाकी कुछ मत पूछना."

भाडेकरूच्या शीटमधल्या सगळ्या पद्धतींत सगळ्यांत महाग पडणारा आकडाही पंधराशेच्या खालीच होता. हे त्यानं ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पार्लरवालीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू उमटलं, कारण मोमोवालीलाही तेवढेच पडणार होते. मोमोवाली खूश होती, कारण पार्लरला कमी पडणार नव्हते. मोबाइलवाल्यानं तर तिथल्या तिथं स्कॅन करून पैसे पाठवले. दुसऱ्याला सूट मिळाली नाही एवढं कळलं, की आपल्याला जास्त पडतंय याचं दुःख माणसाला फारसं राहत नाही. डोंबिवलीतही हेच होतं, फक्त तिथं इतिवृत्त लिहितात.

एक्सेलचा उद्योग मात्र वाया गेला नाही. अंकलजींना ती रंगीत शीट मनापासून आवडली. सिगारेटच्या पाकिटाऐवजी आता ते दर महिन्याला तिच्यावर 1,500 चा आकडा घालतात, सगळे रकाने तसेच ठेवतात आणि चार दुकानांसाठी चार रंगीत प्रती काढून घेतात. काढतात अर्थात भाडेकरूकडेच. पहिल्या महिन्यात त्यानं प्रतीमागे दहा रुपये लावले. अंकलजींनी खळखळ न करता चाळीस रुपये रोख मोजले आणि पावतीही मागून घेतली. मुनिरक्यात घरमालकानं पावती मागितल्याचं पाहून भाडेकरूला बरंच वाटलं.

पुढच्या पाच तारखेला शीटच्या तळाशी नवी ओळ होती: 'प्रिंटिंग, ₹ 40, सांझा, चार हिस्से.'

"अंकलजी, फिक्स ठरलं होतं ना?"

"फिक्स तो मेंटेनन्स है. ये तो एक्चुअल है, बेटा. रसीद तेरी ही है."

भाडेकरूनं स्वतःच्या वाट्याचे दहा रुपये दिले. त्या महिन्यापासून तो अंकलजींच्या प्रती काळ्या-पांढऱ्या काढतो आणि अंकलजी त्याला रंग कुठं गेला म्हणून विचारतात.